गावाच्या विहिरीची ओवी

नालाबंडिंगच्या दुष्काळी कामावरून आम्ही दोघी परत निघालो होतो. ओढा मागं पडला तरी बेंबळीच्या पलीकडचं आमचं गाव अजून लांबच होतं. मुक्ताबाई पाटी काखेत धरून तीच ओवी गुणगुणत चालली होती. मी मुद्दाम जरा मागं राहिले. जिच्यावरून गावात भांडण लागलं ती ओवी ही बाई इतकी सहज कशी म्हणते, ते मला बघायचं होतं.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. मुक्ताबाई बौद्धवाड्यातली, ईट गावची लेक. नवरा लवकर गेला, पोरी तिनं एकटीनं उजवल्या. त्या वर्षी डिझेल मिळंना म्हणून गिरणी बंद पडली. तेव्हा तिनं दाराशी पालथं पडलेलं सासूचं जातं सरळ केलं आणि रेशनचा मिलो, म्हणजे तांबडी परदेशी ज्वारी, दळायला बसली. दळता दळता सासूच्या, बनाबाईच्या ओव्या तिच्या तोंडाला येऊ लागल्या. कोण कुठून नांदायला आली, रझाकारांच्या साली कोण कुणाच्या कडब्यात लपलं, सगळं त्यात होतं. पाण्याला जाणाऱ्या बाया तिच्या दाराशी थांबून ऐकायच्या. तोवर कुणाची तक्रार नव्हती.

मग एक दिवस ही आली:

गावाच्या विहिरीला, काळीखाली लागली पांढरी
बना भरीती पाटी, सिद्धम्मा घेई डोईवरी

ती विहीर माझे चुलत सासरे महालिंगप्पा यांच्या ताब्यात होती. कारखान्याचा ऊस जगवायला त्यांनी तिला तारेचं कुंपण घातलं होतं, आणि बौद्धवाड्यातल्या बाया कोसावरून पाणी आणत होत्या. "विहीर आमच्या वडलांनी खणली," असं सासऱ्यांचं म्हणणं. ओवीत तर ती गावाची होती, आणि माती वाहणारी सिद्धम्मा म्हणजे माझीच आजेसासू. ती जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली होती.

"पाऊस न्हाय, म्हणून हिला ओव्या फुटल्या," सासरे म्हणाले होते. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. ह्या भांडणात ओवी फारच बरोबर बसत होती.

बाभळीपाशी मी तिला गाठलं. "मुक्ताबाई, ही तुम्ही रचली का?"

"मला रचता येत असतं, तर आदी आमच्या मालकाच्या दारूवर रचली असती, उमाबाई."

मी हसले नाही. "मग इतकी वर्सं कुठं होती?"

"गिरणीत," ती म्हणाली. "आयतं पीठ मिळाया लागलं, जातं पालथं पडलं. हात फिरल्याबिगर तोंडाला येत न्हाय. तुमाला तरी येती का एखादी?"

नव्यानं नांदायला आले तेव्हा सिद्धम्मासमोर बसून मी रोज दळलं होतं. पण एकही आठवेना.

"काळीखालचा पांढरा मुरूम तर विहिरीत वाकून बघितलं तरी दिसतो," मी म्हटलं.

"दिसतो की. म्हणून तर ही जुनी हाय, हे कुणी मानंना."

हिच्या मनात काय आहे ते माझ्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवरून चावडीवर बैठक होती. ही मला साक्षीला उभं करणार. लिंगपूजा केल्याशिवाय मी पाणी पीत नाही. भरल्या चावडीत खोटं कसं बोलू? आणि खरं काय, ते तरी मला कुठं माहीत होतं? मी झपाझप चालू लागले.

"पळू नगा," मागून ती म्हणाली. "खोटं बोला म्हणत न्हाय म्या. ह्या ओवीच्या मागून अजून एक हाय. ती म्या कुणाफुडं म्हटली न्हाय. दळताना एकीनं उचलायची, दुसरीनं पुरी करायची, ते तुमाला ठावं हाय. पहाटं माझ्या घरी या, जात्याच्या खुंट्याला हात लावा. पयली ओळ म्या म्हणते. दुसरी तुमच्या तोंडाला आपसूक आली, तर ती सिद्धम्माकडनंच आली आसंल; चावडीवर तेवढंच सांगा. न्हाय आली तर गप ऱ्हावा. मग म्या बी ही ओवी परत म्हणनार न्हाय. पर येवढं एकदा दळाया या."