खुर्चीतले श्वास

माझा धाकटा भाऊ लहानपणापासून कमी बोलणारा. अण्णा, म्हणजे आमचे वडील, त्याला मौनी म्हणायचे आणि घरात तेच नाव पडलं. पुढे तो इंजिनिअर झाला, संशोधनात गेला, पण आमच्यासाठी मौनीच राहिला.

"हा दिवसभर करतो तरी काय?" असं आई मला विचारायची, त्याच्यासमोरच. शेवटी एकदा त्याने नीट समजावलं. रडार म्हणजे लहर फेकायची आणि कशावर तरी आपटून परत आलेली ऐकायची. फेकायची लहर कोणत्या आकाराची असावी, आणि परत आलेल्या गोंगाटातून कामाचं तेवढं कसं निवडावं, हे त्याचं काम.

"म्हणजे हाक मारायची आणि कोण ओ देतंय ते बघायचं," आई म्हणाली.

"तसंच. फक्त हाक कशी मारायची हे ठरवण्यात माझी सहा वर्षं गेली."

"तुझी जाणारच," अण्णा म्हणाले. "एरवी तरी तू कुठे कोणाला हाक मारतोस!"

विमानं शोधायचं हे शास्त्र मौनी माणसाच्या श्वासासाठी वापरत होता. पुस्तकाएवढी एक पेटी भिंतीवर लावायची. झोपलेल्याची छाती तांदळाच्या दाण्याएवढी हलली तरी तिला कळायचं. अंगाला वायर नाही, चिकटवणं नाही. श्वास थांबला की पेटी ओरडणार. अडचण एकच होती. जवळपास दुसरं काही जोरात हलत असलं की त्याचा पसारा मधे येतो आणि आजाऱ्याचा बारीक श्वास त्याखाली बुडून जातो. तो पसारा छाटणारी लहर मौनीने घडवली होती. कागदावर सिद्ध झालं, प्रयोगशाळेत झालं. मग बारा घरांमध्ये पेट्या लागल्या. त्यातलं एक घर आमचं, कारण अण्णांचं हृदय तोवर अगदी थकलं होतं.

त्या पेटीला अंतर कळायचं, दिशा कळायची नाही. म्हणून मौनीने टेप घेऊन मापं काढली आणि खाटेच्या पायांशी आणि आईच्या खुर्चीच्या पायांशी फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. खुर्ची पट्ट्यांच्या बाहेर न्यायची नाही, असं आम्हा दोघींना बजावलं.

"चाळीस वर्षं संसार केला, आता नवऱ्याजवळ बसायला रेघा आखून घेऊ?" आई म्हणाली. पण बसायची तिथेच.

त्या दिवशी अण्णा दोन घास खाऊन झोपले. दुपारचे तीन वाजले असतील. आई म्हणाली, "ह्यांचा हात धरावासा वाटतोय गं, इथून पोचत नाही." मी खुर्ची उचलून उशापाशी नेली. पट्ट्या मला दिसल्या होत्या. हातभर अंतराने काय बिघडतंय, असं मनात आलं, तेही मला आठवतंय.

मग मी शेजारच्या खोलीत पोथी घेऊन बसले. पेटीवरचा हिरवा आकडा तिथून दिसायचा. वाचता वाचता दोनदा मान वर केली. दोन्ही वेळा चौदा. मिनिटाला चौदा श्वास, म्हणजे छान. मी देवाला नमस्कार करून पुढचं पान उलटलं.

साडेचारला चहा घेऊन आत गेले. आई बसल्या बसल्या झोपली होती, अण्णांचा हात तिच्या हातात. तो हात गार होता. भिंतीवर अजून चौदाच होते.

डॉक्टर म्हणाले, झोपेत गेले, आधी कळलं असतं तरी काही करता आलं नसतं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई पेटी दाखवायची. "शेवटपर्यंत बघा कसा संथ श्वास चालू होता. जराही तडफड नाही." तेवढ्या एका गोष्टीवर तिचा दिवस निभत होता.

आठवड्याने मौनीने लॅपटॉपवर त्या दुपारची नोंद उघडली. मी शेजारी जाऊन बसले. त्याने बोट ठेवून दाखवलं. "ही रेघ अण्णांची, ही आईची. इथे खुर्ची हलली, आई पेटीपासून अण्णांइतक्याच अंतरावर आली आणि दोन्ही एकात एक गेल्या. आणि हे बघ, तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. इथून पुढे फक्त आई आहे."

म्हणजे बेचाळीस मिनिटं पेटी आईचे श्वास अण्णांचे म्हणून मोजत होती.

"खुर्ची मी सरकवली रे," मी म्हणाले.

"ताई, आजाऱ्याजवळ बसलेला माणूस खुर्ची सरकवणारच. ते पेटीला कळायला हवं होतं. ते जमेना म्हणून मी तुम्हाला पट्ट्या लावल्या."

त्याच्या प्रयोगाच्या प्रमुख बाईंनी ही नोंद अहवालातून वगळायला सांगितली होती. खुर्ची खुणेबाहेर होती, तेव्हा नियमाने ती बादच. आणि धरायची असेल तर खोलीत कोण, कुठे, कसं होतं ते सगळं लिहून आईची सही हवी होती.

"मग वगळ ना! तिला सांगू नकोस, मी तुझ्या पाया पडते. तिच्याकडे तेवढंच उरलंय."

"अजून अकरा घरांत पेट्या आहेत, ताई. तिथे आज कोणीतरी आकडा बघून निर्धास्त बसलं असेल."

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आई अण्णांचे सदरे घड्या घालून ठेवत होती, तिथे तिच्या पायाशी जमिनीवर बसला आणि सगळं सांगितलं. मी दाराशी उभी होते. आत जायचा धीर होईना.

"म्हणजे हे गेले तेव्हा मी झोपले होते," आई म्हणाली.

"हो."

"हात हातात होता, आणि मला कळलं नाही."

आईने हातातल्या सदऱ्याची घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली. मग म्हणाली, "आण कागद."

सही करून तिने पेन त्याला परत दिलं. त्या आठवड्यात अकराही पेट्या बंद झाल्या. त्यानंतर आईने कोणाला पेटीचं सांगितलं नाही. कोणी आलं की "हो, गेले" एवढंच म्हणायची.

महिनाभराने एकदा तिने मौनीला जवळ बोलावलं. "मला एक सांग. त्या तीन अठ्ठेचाळीसनंतर माझे श्वास आहेत ना? ते काढून टाकता येतात का तुला? काढून बघ. खाली ह्यांचा एखादा राहिला असेल, बारीकसा."

मी त्याच्याकडे बघितलं. येत नाही म्हणाला असता तर मी देवाचे आभार मानले असते. पण तो म्हणाला, "येतं. बघतो."

कितीतरी सुट्ट्यांच्या दिवशी तो टेबलाशी तेच करत बसला. आईचा एकेक श्वास शोधायचा, पुसायचा, उरलेलं तपासायचं. आई रोज त्याच्यासमोर चहा ठेवायची आणि काही न विचारता निघून जायची.

एका रविवारी त्याने लॅपटॉप मिटला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"नाहीत गं आई."

"नीट बघितलंस?"

"सगळं बघितलं."

"बरं," आई म्हणाली. "ऊठ आता, जेवून घे."