बिरदेव पेंटर आणि भ्यालेला दैत्य

मिरजेत स्टेशनच्या मागच्या अंगाला बिरदेव पेंटर दोन खोल्यांत राहतो. बाहेरच्या खोलीत त्याचं काम, आतल्या खोलीत संसार. बायको सोनिया जवळच्याच एका दवाखान्यात नर्स आहे. बिरदेव काढतो ती चित्रं त्याची स्वतःची नसतात. युरोपातल्या जुन्या चित्रकारांची नावाजलेली चित्रं तो तैलरंगात हुबेहूब उतरवतो आणि पुण्याचा धैर्यशील नावाचा व्यापारी ती परदेशात विकतो. त्यातही बिरदेवच्या वाट्याला येतात ती अंगावर येणारी. कुठं धडावेगळं मुंडकं, कुठं झोपलेल्या बाईच्या छातीवर बसलेलं भूत.

"फुलं आणि बोटी काढणारे पुष्कळ आहेत, दादा," धैर्यशील म्हणतो. "अंधार मात्र तुम्हीच काढावा."

बिरदेवलाही ते काम आवडतं. तो मूळचा जतकडच्या माळावरच्या धनगराच्या घरचा. तिथं तरणेपणी देवळं रंगवणाऱ्या ज्योतिबा पेंटरकडून त्यानं ब्रश धरायला शिकून घेतलं आणि पुढं पंधरा वर्षं गावोगावच्या भिंतींवर देव आणि दैत्य काढले. तैलरंग तो फार उशिरा, मोबाइलवर बघून बघून शिकला. तयार काळा रंग तो वापरत नाही. गडद तपकिरीत निळा मिसळून स्वतःचा काळा करतो. तसा काळा जिवंत असतो, असं त्याचं म्हणणं.

गेल्या वर्षी धैर्यशीलनं एक मोठी ऑर्डर पाठवली. स्पेनमधल्या एका म्हाताऱ्या, बहिऱ्या चित्रकारानं आपल्या घराच्या भिंतीवर काढलेलं चित्र. काळोखातून एक नागडा, पांढऱ्या केसांचा दैत्य वर आलाय. त्याच्या मुठीत त्याचंच लेकरू आहे आणि तो ते खातोय.

बिरदेवनं तीन आठवडे खपून चित्र पुरं केलं. फोटो बघून धैर्यशीलचा फोन आला. "दादा, अंधार एक नंबर झालाय. पण हा आपल्या देवळातला राक्षस झाला हो. मूळ चित्राशेजारी ठेवून बघा. काहीतरी चुकतंय."

काय चुकतंय ते त्यालाही सांगता येईना. बिरदेवनं रेघ न् रेघ ताडून पाहिली. मापं बरोबर, रंग बरोबर. तरी मूळ चित्राची भीती वाटायची, ह्यानं काढलेल्याची नाही. शेवटी त्यानं कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवला आणि दुसरं काम हातात घेतलं.

त्याच दिवसांत त्याची आई अंबूबाई डोळ्यांच्या ऑपरेशनला मिरजेला आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. तिला सगळं धुक्यातून दिसावं तसं दिसायचं. सकाळी उठली की ती त्या कॅनव्हाससमोर उभी राहायची, पदर सावरून हात जोडायची आणि मगच चहा घ्यायची. मोठं अंग, पांढऱ्या जटा. लेकानं देव काढलाय, एवढं तिला कळलेलं.

"आवं, सांगा की त्यांस्नी," सोनिया कुजबुजायची.

"ऱ्हाऊ दे. हात जोडल्यानं काय बिघडतंय?" बिरदेव म्हणायचा, पण त्याला ओशाळल्यासारखं व्हायचं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून अंबूबाई घरी आली. खोलीत पाऊल टाकलं आणि तिथंच थबकली. लेकाच्या कानशिलावरचे पांढरे केस तिला दिसले, भिंतीवरचं घड्याळ दिसलं आणि मग ते चित्र दिसलं.

"बिरू! आन् ह्येला मी आठ दिस हात जोडलं व्हय रं?"

ती आत गेली ती जेवायलाच बाहेर आली. जेवताना चित्राकडं पाठ करून बसली. बिरदेवनं चित्रावर चादर टाकली. पण दुपारी तो रंग घोटत असताना अंबूबाई आपणहून आली, चादर बाजूला केली आणि काळा चष्मा वर सारून बराच वेळ बघत राहिली. मग मोबाइलवरचं मूळ चित्र मागून घेतलं.

"ह्यो तुझा येगळा हाय," ती म्हणाली.

"कसा काय, आये?"

"तुझा चिडलाय. ह्यो मोबाइलातला चिडलेला न्हाई. ह्यो भ्यालाय."

बिरदेव रंग घोटायचं सोडून मोबाइलमध्ये बघायला उठला.

"आपली चांदणी कुत्री ठावं हाय न्हवं? तू ल्हान हुतास. मेंढरांच्या वाड्यापशी लांडगं फिरत हुतं आन् ही यालेली. भ्यानं तिनं सोताचंच पिल्लू खाल्लं. खाताना माज्याकडं बघत हुती, कुनीतरी या आन् मला थांबवा म्हनल्यागत. डोळं असंच हुतं तिचं."

बिरदेवला उमगलं. देवळांच्या भिंतींवर त्यानं जेवढे दैत्य काढले ते सगळे माजलेले होते. देवाच्या हातून मरणं त्यांच्या नशिबी असायचं, भिणं नसायचं. तोच हात इथंही चालला होता.

त्यानं आवळलेल्या भुवया पुसून वर उचलल्या. बुबुळाभोवती चारी बाजूंनी पांढरं सोडलं. ओठांच्या कडेचा जोर काढून टाकला. चार दिवस तो फक्त तोंडावर काम करत होता आणि अंबूबाई शेजारी पाटावर बसून, सोनिया डोळ्यांत थेंब घालायला आली की तेवढी मान वर करत, बाकी वेळ बघत होती. "आजून. आजून घाबरीव त्येला." चौथ्या दिवशी ती उठून चित्राजवळ गेली. मग म्हणाली, "आता कीव येतीया बघ मेल्याची."

धैर्यशीलनं या वेळी फोटो मिळताच फोन केला. पहिले काही क्षण तो नुसता "दादा, दादा" करत होता.

दोन महिन्यांनी घेणाऱ्या माणसानं त्याच्या घरातला फोटो पाठवला. लांबलचक जेवणाचं टेबल, वर फुलदाणी आणि बरोबर मागच्या भिंतीवर बिरदेवचा दैत्य. अंबूबाई तेव्हा दुसऱ्या डोळ्यासाठी परत आली होती. तिनं फोटो हातभर लांब धरून पाहिला.

"जेवायच्या खोलीत? आरं द्येवा! घास कसा उतरतुया त्येंच्या घशाखाली?"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. सोनिया पाणी घेऊन आली तर तीही हसायला लागली. बिरदेवनं ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवले, हात पुसले आणि तिघं तिथंच, रंगांच्या वासात, भाकरी खायला बसली.