आयुधपूजेला कुंकू पोरींनी लावायचं, बटण पोरांनी दाबायचं

खंडेनवमीच्या दिवशी हुमनाबादजवळच्या एका कारखान्यात माझं डोकं फिरलं... ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. म्हणून लिहितेय.

मी भालकी तालुक्यातल्या एका आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवते. म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कसं कापायचं ते. हल्ली थोड्या मुलीही येतात, आणि त्या येतात तेव्हा घरात आधी महाभारत झालेलं असतं, हे सांगायला नको.

भाग्यश्री त्यातलीच. मन्नाएखेळ्ळीजवळच्या गावची. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडील मल्लप्पा अण्णा आता मिळेल त्या मजुरीला जातात.

तिचा कोर्स संपत आलाय, आता कारखान्यात अप्रेंटिसशिप हवी. भावकीचं म्हणणं, शिवणक्लास लावा, लोखंड कापणारी सून कोण करून घेणार? अण्णांनी मला सरळ सांगितलं होतं, "पोरगी कुटं उभारून काम करणार ते डोळ्यानं बघतो मॅडम. मग पाठवायचं का न्हाई ते ठरवतो."

आयुधपूजेला आपल्या भागात कारखाने धुऊनपुसून सजतात. या कारखान्याच्या मॅनेजरांचा निरोप आला... सगळ्यांना घेऊन या, मशिनी दाखवू, अप्रेंटिस म्हणून काही जणांना निवडू. वर एक पुस्ती, मुलींना साडीत आणा, सण आहे.

साडीत! गरगर फिरणाऱ्या लेथसमोर साडी! मी मुलामुलींना सरसकट निळा युनिफॉर्म घालायला लावला. अण्णासुद्धा त्या दिवशीचा रोजगार बुडवून आले.

आत गेलो आणि मुलांना सुपरवायझर मशिनी दाखवायला घेऊन गेला. मुलींच्या हातात रांगोळीचे डबे आले. मग झेंडूची पोती आली, मग हळदीकुंकवाचं ताट. मला वाटलं, होईल थोड्या वेळात यांचीही पाळी... वाट बघत बसले.

पूजा झाली, दारात कोहळा फोडला. त्यानंतर प्रत्येक मशीन क्षणभर चालू करायची, अशी तिथली रीत आहे. सुपरवायझर एकेका मुलाला पुढं बोलवायचा, बटण दाबायला लावायचा आणि त्याचं नाव विचारून घ्यायचा. म्हणजे निवड तिथंच चालली होती! आणि माझ्या मुली मागं ताट धरून उभ्या.

मी गेले मॅनेजरांकडे. या मुलींनीही तोच कोर्स केलाय, त्याच मशीनवर हात बसवलाय, त्यांना तुम्ही सजावटीला बोलावलंत का, असं चारचौघांत विचारलं. आवाज चढला होता माझा, चढणारच.

साहेब हसले. माझ्या हातावर पेढा ठेवला.

"मॅडम, सणाच्या दिवशी कामून चिडायलाव? लक्ष्मीच्या हातचं कुंकू मशीनला लागलं, चांगलंच झालं की. आन् पोरींसाठी पॅकिंग हाय. सावलीत, बसून काम. सोमवारपासून घेतो."

पॅकिंग! केसाएवढा फरक मोजायला शिकलेली मुलगी आता खोक्यांना टेप लावणार. तो पेढा मी टेबलावर आपटला, त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

पण खरी भीती वाटली ती अण्णांकडं बघून. सावली, बसून काम, बायकांची सोबत... कुठल्याही बापाला पटेल असंच होतं सगळं. ते हो म्हणाले असते तर भाग्यश्रीचं लेथवर उभं राहणं तिथंच संपलं असतं. ती मान खाली घालून ताटाकडं बघत होती.

अण्णा पुढं आले. आवाज चढला नाही.

"साहेब, डबे बांधायचे तर घरीच शिकवलो असतो. दोन वर्षं बसनं कामून पाठवायलो हिला? पोरांनी मशीन चालू केली न्हवं? माझी पोरबी करंल. मला बघायचंय."

मॅनेजरांनी इकडंतिकडं बघितलं आणि ते म्हणाले, "बरं... करू द्या."

मी तेच बोलत होते! मी, शिकवणारी बाई, बोलले तेव्हा पेढा मिळाला. बाप बोलला तेव्हा ऐकलं. त्याचाही राग आलाच, खोटं कशाला बोलू?

भाग्यश्रीला हातातलं ताट कुठं ठेवावं कळेना. मशीनवर काहीही ठेवायचं नसतं, तेवढं तिला मीच रागावून शिकवलंय. तिनं ते मॅनेजरांच्याच हातात दिलं... आणि त्यांनी धरलंही.

तिनं मशीनवरचा हार उतरवला, खिशातला सेफ्टी चष्मा चढवला, बटण दाबलं. लेथ फिरायला लागली तसे अण्णा एक पाऊल पुढं सरकले. तिच्या तोंडाकडं नाही, हातांकडं बघत होते. सुपरवायझरनं तिचं नाव विचारलं, बाकीच्या मुलींनाही मग बोलवावं लागलं.

निघताना साहेब म्हणाले, कळवतो. या 'कळवतो'चा अर्थ मला चांगला माहीत आहे. आजपर्यंत फोन आलेला नाही.

परतताना हुमनाबादच्या स्टँडवर आम्ही बसची वाट बघत उभे होतो. अण्णा म्हणाले, "मॅडम, असले कारखाने अजून कुटं कुटं हायत?"

मी सांगत गेले. बीदर, कलबुर्गी, पार हैदराबादपर्यंत. भाग्यश्रीनं वडलांना हळूच विचारलं, "अप्पा, हैदराबादला पाठवताव?"

"जिकडं मशीनवर घेतील तिकडं," अण्णा म्हणाले. "भावकीला मी बघतो."

अण्णा, माझा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. पण त्या दिवशी तो मला एकटीला सोसावा लागला नाही... त्याबद्दल तुमचे आभार कसे मानू?