प्लास्टिकची पापलेटं

आमच्या विद्यापीठात पहिल्याच दिवशी सांगतात की आपण सगळे एक फॅमिली आहोत. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नावही तेच, पुढे लाल बदामासकट. त्या फॅमिलीत जेवायला कुणी कुठे बसायचं हे मात्र न सांगता ठरतं. आमच्या वर्गाचं म्हणजे कॅन्टीनमधलं पंख्याखालचं लांब टेबल. तिथे बसतील ते वर्गातले, बाकीचे नुसते हजेरीपटावरचे.

मला त्या टेबलावर बसायचं होतं. एवढंच हवं होतं, पण फार हवं होतं.

मी ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातली. आई बाजारात मासळी विकते, आणि माझ्या डब्यात भाकरीसोबत बहुतेक वेळा सुके बोंबील असतात. पहिल्या आठवड्यात मी त्या टेबलावर डबा उघडला, तर मुलुंडच्या एका मुलीने पर्समधून परफ्यूम काढून हवेत फवारलं. बोलली काहीच नाही. सुसंस्कृत माणसं बोलत नाहीत, फवारतात. तेव्हापासून मी लायब्ररीच्या मागच्या पायरीवर जेवायला लागले.

दुसऱ्या वर्षी ट्रॅडिशनल डेला वर्गाने कोळी नाच बसवायचं ठरवलं. मुंबईतल्या कॉलेजांना वर्षातून एक दिवस कोळी फार आवडतात. मुलुंडची तीच आता कल्चरल हेड झाली होती. ती पायरीपर्यंत चालत आली.

"अगं, तू इथे काय करतेस? तू तर आमची ऑथेंटिक आहेस ना यार!"

आणि हाताला धरून मला टेबलावर घेऊन गेली. मी गेले. इतकी हरखले होते की तालमीचे सगळे दिवस मी आईकडून डब्यात बटाट्याची भाजी मागून घेतली.

तालमीत मला कोळीपण शिकवण्यात आलं. आई नेसते तसं लुगडं मी नेसून दाखवलं, तर हेड म्हणाली, "नाही गं, कोळी लोक असं नेसत नाहीत." तिने रील पाहिलं होतं. माझ्या चालीत ठसकाही कमी पडत होता म्हणे. मी आईची मासळीची जुनी पाटी नेली, तर ती दोन बोटांनी उचलून दाराबाहेर ठेवण्यात आली, कारण हॉल एसी होता. तिच्याऐवजी भेटवस्तूंच्या दुकानातून नाजूक टोपल्या आल्या आणि त्यात प्लास्टिकची पापलेटं. घरी सांगितलं तर आई पोट धरून हसली.

"बरफ तरी लावा गो त्यांना, नायतर खराब व्हतील!"

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांना आमच्या नाचात साक्षात समुद्र दिसला. मग सगळी फॅमिली नाचाच्याच कपड्यांत कॅन्टीनमध्ये आली. भाड्याची हिरवी लुगडी, डोक्यात अबोलीचे गजरे, मांडीवर टोपल्या, आणि सेल्फीवर सेल्फी. मला सडकून भूक लागली होती. मी डबा उघडला. लेक नाचणार म्हणून आईने, मला न विचारता, बोंबलाची झणझणीत चटणी दिली होती.

हेडने पदर नाकाला लावला. कोळणीच्या लुगड्याचा पदर.

"यार, प्लीज, आज नको ना. तू तुझ्या पायरीवर जाऊन खा ना."

तुझ्या पायरीवर. ती पायरी तिने माझ्या नावावरच करून टाकली होती. मला राग आला, आणि त्याच्याही आधी रडू आलं. पण मी उठले नाही. भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीला लावला.

"तुम्ही बसा ना," मी म्हणाले, "आपली फॅमिली आहे."

आधी हेड उठली. मग एकेक करत सगळ्याच उठल्या. टोपल्या काखेत मारून निघाल्या, आत पापलेटं खडखडत होती. मासळीच्या वासाने पळत सुटलेल्या कोळणी मी जन्मात पहिल्यांदा पाहिल्या.

पंख्याखालचं ते लांब टेबल मग सगळंच्या सगळं माझं होतं. मी सावकाश, बोटं चाटत जेवले. चटणी झकास झाली होती.