आत्याच्या गॅलरीतला इन्व्हर्टर

आमच्या लेकीला घरात ठिणगी म्हणतात. नाव तिच्या आत्याने ठेवलं, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेने. शाळेत असताना हिने मिक्सर उघडून पुन्हा जोडला आणि बटण दाबताच घरभर अंधार झाला. तेव्हा पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच.

पुढे तिने विजेच्या कामाचंच शिक्षण घेतलं. आता ती सोलरचे इन्व्हर्टर दुरुस्त करते. छतावरच्या पॅनलमधून येणारी वीज घरात वापरण्याजोगी करणारी ती भिंतीवरची पेटी. मी बी.ए. झालेली बाई, मला त्यातलं एवढंच कळतं. काळजी मात्र भरपूर कळते.

"मेन स्विच बंद करूनच हात घालशील ना?" मी रोज विचारते.

"नाही आई, आज चालू ठेवून घालणार आहे. तेवढाच बदल."

माझा जीव टांगणीला, आणि ही हसत जिना उतरते.

तिच्या हाताला गुण आहे. इतरांनी 'नवाच घ्या' म्हणून सोडून दिलेले इन्व्हर्टर ती उठवून कामाला लावते. 'बदला' असं सांगावं लागलं की तिला स्वतःच हरल्यासारखं वाटतं. आत्याला मात्र हे सगळं पोरखेळ वाटायचं. "शिडीवर चढता आलं म्हणून वीज काही कुणाला मावशी म्हणत नाही," असं त्या चारचौघांत म्हणायच्या.

मागच्या हिवाळ्यात त्यांचाच इन्व्हर्टर बंद पडला. दुकानदार म्हणाला, जुना झाला, बदला. ठिणगी म्हणाली, होईल दुरुस्त. आतला सर्किट बोर्ड आता कंपनी बनवत नाही, म्हणून तिने तसल्याच एका जुन्या इन्व्हर्टरमधला काढून बसवला.

"लाव बाई, काय दिवे लावायचे ते," आत्या म्हणाल्या. लागले. थंडीभर छान चालला.

ऊन वाढलं तसा तो भर दुपारी बंद पडू लागला. फोन मला आला. "अगं, तुझ्या डॉक्टरीणबाईंना पाठव. पेशंट पुन्हा आडवा झालाय."

लेकीबरोबर मीही निघाले. "तू कशाला?" "ताईंना भेटायला, सहज." तिने ओळखलं.

आम्ही पोचलो तेव्हा इन्व्हर्टर ठणठणीत चालू होता. ठिणगी गॅलरीत त्याच्यासमोर स्टूल टाकून बसली.

"काय करतेस गं?" आत्यांनी विचारलं.

"वाट बघतेय. बंद पडायची."

"माझ्या घरी येऊन? वा!"

जेवणं उरकली. ऊन सरकत भिंतीवर आलं आणि इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला. ठिणगीने आतून टेबलफॅन आणून त्याच्यावर सोडला. थोड्या वेळाने हिरवा. फॅन काढला, पुन्हा लाल. लावला, हिरवा.

आत्या खूश. "मग झालं की! राहू दे फॅन इथेच. नाहीतरी तो मला नकोच होता."

मी मनात म्हटलं, सुटलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्या आत्यांनी पोरीच्या कामाला कायम नावं ठेवली, त्याच आता आपण होऊन फॅनवर समाधान मानत होत्या.

ठिणगीने छतावरून येणाऱ्या विजेचा स्विच बंद केला, घराकडचा केला, आत उरलेली वीज ओसरेपर्यंत बराच वेळ थांबली आणि मग झाकण उघडलं. मला वाटलं, एखादा स्क्रू आवळून मिटवेल. तिने आत्यांना जवळ बोलावलं. आतली हिरवी पट्टी एका कोपऱ्यात इस्त्रीखाली सापडलेल्या कापडासारखी करपली होती.

"मी बसवलेला बोर्ड तो पलीकडचा, तो ठीक आहे. पण शेजारचं हे सगळं म्हातारं झालंय. तेव्हाही थोडं दिसत होतं. मला वाटलं, निभेल. चुकलं माझं, आत्या. तेव्हाच बदल म्हणायला हवं होतं."

"अगं, पण फॅनवर चालतोय ना?"

"चालेल. आणि एखाद्या दुपारी फॅन बंद असेल, तू आत झोपलेली असशील, तेव्हा पेटेल. हा मी पुन्हा सुरू करून जाणार नाही."

मी तिची बाजू घ्यायला तोंड उघडलं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं, मी मिटलं. पण 'ही माझी मुलगी आहे' असं गॅलरीतून खाली ओरडून सांगावंसं वाटत होतं.

"म्हणजे तो दुकानदार म्हणत होता तेच खरं?" आत्यांनी विचारलं.

"हो."

आत्यांनी वाकून ती करपलेली पट्टी पुन्हा बघितली. "चुकलं म्हणायला आमच्या घराण्यात कुणाला जमलं नाही. तुझ्या बापाला तर अजून नाही." मग म्हणाल्या, "नवा कोणता घ्यायचा ते तूच सांग. लावायचा कुठे?"

"इथे उन्हात नाही. पॅसेजच्या भिंतीवर. टेपचं टोक धर जरा. सरळ धर गं!"

"धरलंय की, ओरडतेस काय!"

तेवढ्यात शेजारीण उघड्या दारातून डोकावली. "बिघडला वाटतं? आमचाही कुरकुरतोय. कुणाला बोलावलंय?"

"माझी भाची आहे," आत्या टेप न सोडता म्हणाल्या. "तुमचाही बघेल. पण खरं ऐकायची तयारी असेल तरच बोलवा हो. ही पोरगी स्वतःलाही सोडत नाही."

ठिणगी काही ऐकलंच नाही अशा थाटात भिंतीवर पेन्सिलने रेघ मारत होती. रेघ चांगलीच वाकडी गेली.