बाबांची मूठ उघडेना

मंडळी, दुपारपासून रडू आवरत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

माझे बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. चार महिन्यांपूर्वी त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी ते पलंगावरच आहेत. भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं मी मनापासून केलं. फक्त उजवा हात हलवला की ते कळवळायचे, म्हणून त्या हाताला मी आराम दिला.

आज पहिल्यांदाच फिजिओथेरपीवाल्या दीदी आल्या. बाबांची मूठ काही केल्या उघडेना. जेमतेम एक बोट सरकलं, तर आत तळहातात नखं रुतलेली, कातडी ओली होऊन सोललेली.

"शुरू से रोज़ धीरे-धीरे खोलते, तो इतना नहीं अकड़ता," दीदी हळूच म्हणाल्या.

"और अब?"

"कोशिश करेंगे. पूरा खुलना मुश्किल है."

मी पलंगाशीच बसून रडायला लागले. बाबा अडखळत म्हणाले, "काहून रडून राहिली बेटा? मीच तर तुले हात लावू देत नव्हतो."

त्यांनी सगळा दोष स्वतःवर घेतला, ते जास्त लागलं.

तुमच्या घरी कोणी अंथरुणाला खिळलेलं आहे का? त्यांचे हातपाय रोज कोण हलवतं? कसे हलवायचे ते पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारून घ्या. मला विचारायचं सुचलंच नाही. त्यांना दुखू नये, एवढंच मी बघत राहिले.