मापटंभर मिरच्यांचं वजन

मी माजलगावात आठवीच्या पोरांना घनता शिकवते, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना तुम्ही ते विसरलात, तर माझ्यावर उपकार होतील.

आई गेल्यावर अण्णांना मी दिंद्रुडहून माझ्याकडे आणलं. सोबत कपड्यांची पेटी, आईचं धान्य मोजायचं पितळी मापटं आणि तिच्या हातच्या काळ्या मसाल्याची अर्धी बरणी आली. बरणी होती तोवर अण्णा बरे जेवत. ती संपली आणि त्यांचं जेवणच तुटलं. माझ्या आमटीत भाकरीचा तुकडा बुडवायचे, कसाबसा गिळायचे आणि ताट सरकवायचे. नावं ठेवत नसत. (आईच्या स्वयंपाकाला रोज ठेवायचे!) रडलेही नव्हते, अगदी तिला नेलं तेव्हासुद्धा. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि मला फार भीती वाटत होती.

शेवटी ठरवलं, आईचाच मसाला करायचा. प्रमाण तोंडपाठ होतं. मिरच्या चार मापटी, धने दोन, दगडफूल एक, बाकीचा खडा मसाला मूठमूठ. आई ते मापटं पिशवीत घालून बाजारात जायची आणि दुकानात स्वतः भरून घ्यायची.

"घिऊन जा की मापटं," अण्णा म्हणाले. "लाजतीस कावून?"

आता सगळं वजनावर मिळतं, असं मी त्यांना समजावलं. (लाजतच होते. वाटेत वर्गातली पोरं भेटली असती तर!) मग अगदी शास्त्रीय पद्धतीने मी मापट्यात ज्वारी भरली, हाताने सपाट केली आणि वजनकाट्यावर ओतली. भरली एक किलो. म्हणजे एक मापटं बरोबर एक किलो. मग आत ज्वारी असो, मिरची असो की दगडफूल!

चार किलो मिरच्या मागितल्यावर दुकानदार सलीमभाईंनी लग्न कुणाचं आहे, असं विचारलं. किलोभर दगडफूल म्हटल्यावर ते गल्ल्यावरून उठलेच. झाडाच्या वाळक्या सालीसारखं ते हलकं प्रकरण, पोतं भरत आलं तरी किलो काही होईना.

"मॅडम, घरात मान्सं किती हाईत?"

"दोन," मी म्हणाले. त्यांनी पोतं बांधायला घेतलं.

मिरच्या भाजल्या तेव्हा शेजारणीने खिडक्या लावून घेतल्या. कांडपवाला शिंकून शिंकून खाली बसला. मसाला बरणीत मावेना, डब्यात मावेना, म्हणून पाण्याचं पिंप पुसून त्यात भरला.

संध्याकाळी आमटी केली. अण्णा कितीतरी दिवसांनी नीट मांडी घालून जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि कानापर्यंत लाल झाले. मी बोट बुडवून चाखलं. जाळ! वर कडू! तेव्हा कुठे मला घनतेचा धडा आठवला, आकृत्यांसकट.

मी ताट उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या होत्या, तरी ते जेवत होते. मग हात थांबला, खांदे हलायला लागले. ते मिरचीमुळे नव्हतं, एवढं मला कळलं.

"लई तिखट हाय गं," ते म्हणत राहिले. "लई तिखट हाय."

"हो अण्णा," मी म्हणाले, आणि मीही त्यांच्याच ताटाशी बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मी पिंप बाहेर ओढत होते. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कवामवा लागंल."

आता ते माझी साधी आमटी पोटभर जेवतात, नावं ठेवत. अधूनमधून मात्र आपणहून पिंपातला मसाला घालायला सांगतात, आणि आम्ही दोघं दार लावून जेवायला बसतो. माझ्या हिशेबाने तो आम्हा दोघांना जन्मभर पुरेल. अर्थात, माझा हिशेब तुम्ही पाहिलाच आहे!